फिरंगोजी नाईकांचा पराक्रम

भटजींनी बंदुकीवर दूध ओतलं, दही ओतलं, तूप ओतलं आणि मधाची वाटी उचलली, तेव्हा आमचे यजमान हात जोडून असे उभे होते, की जणू अभिषेक त्यांच्याच डोक्यावर चाललाय. डोळ्यांत पाणी! मिशा पिकायला लागलेला बाप्या, आणि एका नळकांड्याला साखर चोळतायत म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी. मी बायकांच्या रांगेतून बघत होते आणि कपाळाला हात लावावासा वाटत होता, पण खंडेनवमीच्या दिवशी तसं करू नये म्हणतात.

कंपनी सरकारचं राज्य यायच्या आधीची ही गोष्ट. घाटाच्या तोंडावर सोनघळची गढी, आणि आबासाहेब तिथले जहागीरदार. गढीच्या चौकात पाट मांडले होते. पाटांवर तलवारी, पट्टे, भाले, कट्यारी ओळीनं निजवल्या होत्या, आणि ओळीच्या पार शेवटाला, जिथं माणसं जोडे काढतात तिथं, आमची बंदूक. तेवढी जागा मिळावी म्हणून यजमानांनी पावसाळाभर नाक घासलं होतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये. पण ते गेले, मीही आता वाटेवरच आहे, आणि ‘हे’ नि ‘ते’ करत गोष्ट सांगायला माझ्या अंगात दम नाही. त्यांचं नाव भवानजी. तरुणपणी उत्तरेत, फिरंग्यांनी कवायत शिकवलेल्या पलटणीत, म्हणजे कंपूत, ते शिपाई होते. येताना त्यांनी चापाची बंदूक आणली, तिच्या तोंडाला बसवायची संगीन आणली, आणि आता तलवारीचे दिवस संपले असं एक ज्ञान आणलं. पैका आणायचं तेवढं राहून गेलं.

हे ज्ञान त्यांनी सोनघळमध्ये येऊन सांगावं, आणि तेही फिरंगोजी नाईकांपुढं! नाईक म्हणजे गढीच्या तलवारवाल्यांचे म्होरके. पट्टा फिरवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत, म्हणजे खरंच असणार. पट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला मूठ नसते, कोपरापर्यंत लोखंडी खोबळा असतो. त्यात हात घालायचा, आत आडवी दांडी धरायची, आणि पुढं पुरुषभर लांबीचं लवलवतं पातं. एकदा हात अडकवला की त्या हातानं दुसरं काही करता येत नाही. नाक खाजलं तरी डावा हात.

"लांबनं मारतो त्यो मर्द कसला?" नाईक पारावर बसून म्हणायचे. "धोंडा फेकून कुत्रं बी मारता येतं. हातघाईवर ये म्हनावं. तुझी बंदूक एकदा वाजली की झालं मुसळ."

"मुसळाच्या तोंडाला संगीन असती, नाईक," भवानजी म्हणायचे.

"म्हंजे शेवटी पात्याचाच आधार! मग सुरुवातीलाच पातं घ्यावं की, लेका."

सगळा पार हसायचा. भवानजी घरी येऊन बंदूक पुसत बसायचे.

मला ह्या दोघांपैकी कुणाच्याच मर्दानगीशी देणंघेणं नव्हतं. मला देवडी हवी होती. गढीच्या मोठ्या दरवाजाच्या आत, डाव्या अंगाला, पहारेकऱ्याची खोली असते ती. म्हातारा दरवान श्रावणात वारला होता आणि खोली रिकामी होती. आम्ही राहत होतो गढीबाहेर ओढ्याकाठी, कुडाच्या झोपडीत. दसरा झाला की नद्यांचं पाणी उतरतं, आणि पाणी उतरलं की पेंढारी येतात. आदल्या साली ते आले तेव्हा गढीतल्या शूरांनी दरवाजा आतून लावून घेतला आणि आमची घरं जळताना तटावरून बघितली. माझी धाकटी जाऊ त्या धुरात गेली. आता मला सातवा महिना होता. दसऱ्यानंतर पोर व्हायचं, आणि ते तटाच्या आत व्हायला हवं, ह्यापलीकडं माझ्या डोक्यात काही नव्हतं.

पण देवडीवर नाईकांचाही डोळा होता, त्यांच्या पुतण्यासाठी. आबासाहेबांना निवाडा करायचा कंटाळा. तमाशा बघायला मात्र ते कधीही तयार. पूजा आटोपून प्रसाद वाटत असतानाच ते म्हणाले, "दरवाजात गाठ पडती ती हातघाईची. तिथं बंदूक चालती का पट्टा, बघूनच टाकू या. जो जिंकंल त्याच्याकडं देवडी."

"आत्ताच बघा की, सरकार," नाईक म्हणाले. "आज हत्यारात देवी असती."

ठरलं असं. बंदुकीत गोळी घालायची नाही, नुसती दारू आणि वर गुलालाची पुडी. पट्ट्याच्या पात्याला चिंध्या गुंडाळायच्या. नाईकांनी चौकाच्या ह्या टोकापासून धावत यायचं. अंगावर गुलाल उडाला तर बंदूक जिंकली, चिंधी भवानजींना लागली तर पट्टा. शस्त्र पूजेवरून हलवायचं नसतं, म्हणून भटजी कुरकुरले. आबासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. भटजींना लगेच आठवलं की शास्त्राला तशी सवलत आहे.

भवानजींनी बंदूक उचलली आणि उपरण्यानं पुसली. पुसून पुसून काय पुसणार? चापातली गारगोटी तुपानं माखलेली. दारूपर्यंत ठिणगी जायला नळीला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानात मध जाऊन बसलेला. ते भोकाशी तोंड लावून फुंकत होते आणि त्यांच्या मिशांना साखर लागत होती. लोकांची हसून पुरेवाट झाली.

नाईक पट्टा फिरवत निघाले. दिसायला देखणं होतं, खोटं का बोलू? भवानजींनी नेम धरला. ते हलले नाहीत. चाप ओढला.

खट्.

पुन्हा ओढला. पुन्हा खट्. तोवर चिंधी त्यांच्या खांद्यावर बसली होती, आणि नाईकांनी उगाच आणखी दोन फटके पाठीवरही काढून घेतले. भवानजींच्या बंदुकीतून गुलालाची पुडी तेवढी घरंगळून पायाशी पडली.

"देवीनंच कौल दिला," आबासाहेब डोळे पुसत म्हणाले. "बंदूक गोड हाय, पण कामाची न्हाई." देवडी नाईकांच्या पुतण्याला मिळाली, दिवाळीच्या पाडव्याला त्यानं राहायला यायचं असं ठरलं.

झोपडीत आल्यावर मी चुलीवर पाणी चढवलं, बंदूक धुवायला. पाणी तापेस्तोवर तोंड बंद ठेवायचा प्रयत्न केला, पण माझा स्वभाव तसा नाही.

"मधानं कान बुजतो, ह्ये तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं हुतं."

"मग भटाचा हात का न्हाई धरला?"

त्यांनी कान कोरायला तार उचलली. मग म्हणाले, "समद्यांच्या हत्यारांवर ओतत हुते. तिला एकटीलाच नको, असं कसं म्हनू?"

असल्या माणसाशी काय बोलणार? मी पाणी ओतत राहिले आणि ते तारेनं कान कोरत राहिले. तलवारीवर मध घाला, तूप घाला, फडक्यानं पुसली की ती पुन्हा तलवार. बंदुकीचे नखरे वेगळे. हे सगळं ज्या माणसाला कळत होतं, त्यानंच नेमकं आपल्या पोराचं छप्पर त्या मधात बुडवलं होतं, आणि कशासाठी, तर पाटावरच्या जागेसाठी.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपार कलली तशी सीमोल्लंघनाची तयारी झाली. देवीची पालखी, ढोल, शिंग, आणि मागून हातात शस्त्र घेतलेला एकूण एक पुरुष. गावची शीव ओलांडायची, आपट्याची पानं लुटायची, सोनं म्हणून घेऊन यायचं. गढीचं रक्षण करायची सगळी माणसं, रक्षण करायची सगळी हत्यारं घेऊन, पानं लुटायला मैलभर लांब. हे दर साली व्हायचं आणि ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

भवानजींना मात्र नेलं नाही. ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याला मिरवणुकीत जागा नाही, आणि बंदूक शस्त्र नाही हे तर कालच सिद्ध झालं होतं.

"तू ऱ्हा दारावर," नाईक जाताना म्हणाले. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यात, अंगभर भंडारा, पाय अनवाणी. पालखीबरोबर जाताना कुणी जोडा घालत नाही. "मुसळाची पूजा झाली, आता त्याच्याकडनं राखन करून घे."

बायका आतल्या चौकात औक्षणाची ताटं लावत होत्या. बाईसाहेबांनी मला बोलावलं होतं, पण मला उभं राहवेना, म्हणून मी देवडीच्या पायरीवर टेकले. होय, त्याच देवडीच्या. बसायला तरी कुणाची बंदी नव्हती. मोठा दरवाजा लावलेला होता आणि त्यातली दिंडी उघडी. दिंडी म्हणजे दारातलं छोटं दार. उंबरा गुडघ्याएवढा, आणि वरची चौकट छातीशी. आत यायचं तर राजालासुद्धा कमरेत वाकावं लागतं. भवानजी तिथं भिंतीला टेकून उभे होते. बंदूक भरलेली, संगीन चढवलेली. त्यांना म्हणावंसं वाटलं, सणाच्या दिवशी तरी तिला निजू द्या. पण चिडलेला माणूस ऐकतो थोडाच, ज्याला लोक हसले तोच उद्योग करत बसतो.

ढोलांचा आवाज अजून लांब होता, तेवढ्यात दिंडीबाहेर कोणीतरी हसत हाळी दिली.

"सोनं घ्या, सोनं! लई लुटलंय औंदा!"

आणि आपट्याची फांदी आत आली. फांदीमागून एक पागोटं, खाली वाकलेलं. भवानजींनी भिंतीवरची पाठ काढली आणि हात जोडण्यासाठी बंदूक बगलेत धरली. मी पायरीवर खाली बसले होते. मला पागोटं नीट दिसत नव्हतं. मला उंबऱ्यावर आलेला पाय दिसला. त्या पायात जोडा होता, चांगला नाळ मारलेला.

"अहो," मी ओरडले, "पायात जोडा!"

कंपूत त्यांना काय शिकवलं असेल ते असो, पण बायकोचं एका हाकेत ऐकायचं कुठून शिकले होते देव जाणे. त्यांनी विचारलं नाही, वळून बघितलं नाही. बंदूक खाली आली, फांदी बाजूला झाली, फांदीमागं उघडी तलवार होती. माणूस अजून वाकलेलाच होता. वाकलेल्या माणसाला तलवार उगारता येत नाही, त्याला आधी उभं राहावं लागतं. तो उभा राहिलाच नाही. नळी त्याच्या गळ्याशी टेकलेली असताना बार झाला.

माझे कान बंद झाले. देवडी धुरानं भरली. त्या धुरातून दुसरा आला, पहिल्याच्या अंगावर पाय देऊन. तो घाईत होता, वाकला कमी आणि तलवार उचलली आधी. ती वरच्या चौकटीत खच्चकन रुतली. तो ती उपसायला बघत होता तेवढ्यात भवानजींनी संगीन घातली. ती त्याच्या बरगडीत गेली आणि तिथंच अडकली. ते ओढत होते, तो दोन्ही हातांनी नळी धरून बसला होता, जणू तीच त्याला वाचवणार होती. आणि तिसरा आत आलाच नाही. त्यानं बाहेरूनच दिंडीतून तलवार आत चालवली, आंधळी. भवानजींचा उजवा हात नळीवर होता.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं. मी ती पडताना बघितली.

ते ओरडले नाहीत. ते खाली बसले, त्या दोन माणसांवर, सगळं वजन टाकून, दिंडीत पाचर मारल्यासारखे. संगीन बरगडीतच राहून नळीवरून सुटली होती, आणि रिकामी बंदूक त्यांनी डाव्या हातानं आडवी धरली होती. तिसऱ्यानं आणखी एक-दोनदा तलवार भोसकली, ती लाकडावर लागली. मग ढोल जवळ आले. बाहेर पेंढाऱ्यांची घोडी उधळली आणि टापा लांब गेल्या.

बार ऐकून पहिले धावत आले ते फिरंगोजी नाईक. त्यांचा हा मोठेपणा मी नाकारत नाही, बाकीचे पालखी सोडून येईनात. तोवर मी भवानजींना ओढून बाजूला घेतलं होतं. पण दिंडीत मढी, आणि नाईकांच्या उजव्या हाताला कोपरापासून पुढं पुरुषभर पातं. सरळ वाकले तर पातं चौकटीला अडे, तिरके झाले तर उंबऱ्याला. शेवटी पराक्रमी नाईक उलटे वळले आणि बूड आधी घालून आत आले. अशा स्थितीत शत्रू आत असता तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

आत येऊन ते उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. बरगडीत संगीन अडकलेला माणूस अजून घरघरत होता. नाईकांनी पट्टा उगारला आणि त्याची मान उडवली. मेलेल्याला मारण्यात त्यांचा हात स्वच्छ होता, तक्रारीला जागा नव्हती.

मी लुगड्याचा पदर फाडून भवानजींचा हात बांधत होते. तेवढ्यात मोठा दरवाजा उघडला, आबासाहेब आले, मागून सगळं गाव आलं, आणि आतल्या चौकातून ताटं घेऊन बायका आल्या. त्यांना काय दिसलं? दोन मढी, त्यांवर उभे असलेले नाईक, आणि नाईकांच्या पट्ट्यावरून ठिबकणारं रक्त.

"वा, फिरंगोजी!" आबासाहेब म्हणाले. "तुम्ही मारले?"

नाईकांनी उत्तर दिलं नाही. अगदीच वाईट माणूस नव्हता तो, खोटं तोंडानं बोलवेना. पण खरंही बोलवेना. मिशीला पीळ देता येत नव्हता, कारण उजवा हात पट्ट्यात. नुसते उभे राहिले आणि माझ्याकडं बघू लागले. सगळेच माझ्याकडं बघू लागले, कारण बघायला तिथं मी एकटीच होते.

भवानजींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचेही डोळे माझ्यावर होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बंदुकीनं हातघाईवर काहीतरी करून दाखवलं होतं, आणि ते सांगायला एकच तोंड होतं.

मी त्या तोंडानं काय बोलावं, हे ठरवायला मला फार वेळ लागला नाही. खरं सांगितलं असतं तर काय मिळालं असतं? शेला, पागोटं, हातात चांदीचं कडं. चार दिवस वाहवा. मग लोकांना दिसलं असतं की हाताला अंगठा नाही, ह्याला चापही ओढता येत नाही नि दरवाजाही राखता येत नाही. देवडी पुतण्याची ती पुतण्याचीच राहिली असती, आणि सगळ्या गावादेखत खाली पाहायला लावलं म्हणून नाईक जन्माचे वैरी. शेला पांघरून मी ओढ्याकाठी बाळंत झाले असते.

"आमच्या मालकांनी दार अडवून धरलं," मी म्हणाले. "बार काढला, पर त्यो हुकला. संगीन घातली, ती निस्ती अडकून बसली. मारले ते नाईकांनी. नाईक आले म्हून आमी जित्ते हाओत."

नाईकांचा अडकलेला श्वास सुटला. मी त्यांना सुटू दिलं नाही.

"आनी सरकार, नाईक आत्ताच म्हनाले, ह्यांचा हात गेला, ह्यास्नी म्या वाऱ्यावर सोडनार न्हाई. पुतन्याचं काय ते म्या बघतो, देवडीत ह्यांनी ऱ्हावं. अस्सा देवमानूस!"

आबासाहेबांनी नाईकांकडं बघितलं. नाईकांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे हलवले नाहीत.

"व्हय," नाईक खाकरत म्हणाले. "म्हनालो खरा."

मग बायकांनी ओवाळलं. नाईकांना आधी. कुणीतरी मढ्याच्या हातातली आपट्याची फांदी उचलली आणि तीच पानं वाटली. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

आम्ही त्याच आठवड्यात देवडीत सामान हलवलं. हलवायला होतं काय म्हणा. भवानजी माझ्याशी बोलेनासे झाले. शिवी नाही, हात उगारणं नाही, नुसतं तोंड भिंतीकडं. मुलगा झाला, तटाच्या आत झाला, खाली कोरडी जमीन आणि वर कौलं. ते त्याला घेत, माझ्याकडून घेताना माझ्या हाताला हात लागू न देता घेत. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या पावसाळ्यानंतर पेंढारी दोनदा आले, ओढ्याकाठचं सगळं जळलं, आणि मी आतून मुलाला पाजत ऐकलं. त्यामुळं वाईट वाटलं तरी ते पोटभर जेवून वाटलं.

नाईकांचा पराक्रम इकडं वाढत चालला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं, तसं त्या दोन मढ्यांचं झालं. शिमग्यापर्यंत त्यांचे वीस झाले, त्यांतला एक हत्तीएवढा. गोंधळी गाणं रचून म्हणू लागले. पाहुणे आले की आबासाहेब नाईकांना बोलावून गोष्ट सांगायला लावत. आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. नाईकांना पट्टा फिरवता येत होता, पण त्या दिंडीत काय झालं ते त्यांना कुठं माहीत होतं? एकदा आबासाहेबांचे व्याही आले, चार लढाया बघितलेला म्हातारा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं, "त्या दिंडीत पट्टा फिरला कसा?" नाईक घामाघूम झाले. उद्या दिंडीपाशी उभं राहून दाखवतो, असं सांगून वेळ मारून नेली.

त्याच दुपारी ते देवडीत आले. गढी जेवून कलंडली होती. मी आत मुलाला घेऊन बसले होते. नाईक पायरीवर भवानजींच्या शेजारी टेकले. बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. पारावर गर्जणारा माणूस, पण आवाज उंदराचा.

"भवानजीराव," ते म्हणाले. कालपर्यंत ‘लेका’ होतं. "त्यो... कसा मारला तुमी?"

माझा हात मुलाच्या पाठीवर थांबला. आता भवानजींनी त्यांना हाकलावं, नाहीतर मुद्दाम उलटंसुलटं सांगावं, आणि उद्या सगळ्या दरबारासमोर नाईकांची अब्रू जावी, एवढं सोपं होतं. अब्रू गेली की पाठोपाठ देवडीही. मी दाराच्या फटीतून बघत होते.

भवानजी उठले. "उंबऱ्याभाईर जावा," म्हणाले. "आता आत या. वाका."

नाईक वाकले.

"थांबा. आता उगारा तलवार. येत न्हाई न्हवं? आदी ताठ व्हावं लागतं. त्यो ताठ व्हायच्या आदीच गळ्यापाशी गाठला." त्यांनी तुटका हात नाईकांच्या गळ्याशी टेकवला. "तुमी सांगताना म्हना, पट्टा फिरवलाच न्हाई, नुसता टोचला. संगिनीवानी. म्हंजे म्हातारा गप बसंल."

"आनी दुसरा?"

सगळं दाखवलं. चौकटीत तलवार कुठं रुतली ते दाखवलं, लाकडावर खूण होती तिच्यावर नाईकांचं बोट नेऊन ठेवलं. बरगडीत पातं अडकलं की पाय देऊन ओढायचं असतं आणि ते त्यांना घाईत सुचलं नाही, हेही सांगितलं. ते कधी एवढं बोलले नव्हते. मी ती लढाई डोळ्यांनी बघितली होती, पण कळली मला त्या दुपारी, चोराला शिकवताना.

"पर ह्यो शत्रू हाय, ह्ये वळखलं कसं?" नाईकांनी विचारलं. "फांदी हुती न्हवं हातात?"

"म्या न्हाई वळखलं. म्या रामराम घालाय निघालो हुतो. बायकू वरडली, पायात जोडा हाय म्हून. तिनं वाचवलं."

नाईक अवघडले. "ह्ये कसं सांगू, भवानजीराव? बाईमानसानं..."

"नका सांगू. आनी येक. दुसरा नळी धरून बसला तवा ‘आई’ म्हनाला. माझे पाय लटपटत हुते. म्या शूर म्हून त्या मढ्यांवर बसलो न्हाई. उभं ऱ्हावंना, म्हून बसलो."

नाईकांनी मान खाली घातली. "ह्ये तर मुळीच न्हाई सांगता यायचं."

"मग ती दोन्ही ऱ्हाऊ द्या हितं," भवानजी म्हणाले. "बाकीचं न्या."

नाईक गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याला अशी लढाई सांगितली म्हणे, की त्यानं स्वतःच्या गळ्यातला कंठा काढून दिला.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी भवानजी आत आले आणि भिंतीकडं तोंड न करता चुलीपुढं बसले. हात गेल्यापासून ते डाव्या हातानं भाकरी ताटात दाबून, कशीबशी कुस्करून खात होते. मोडून देऊ का म्हटलं, तर ताट उचलून उठायचे. मी भाकरी वाढली. त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"मोडून दे," ते म्हणाले.

मी मोडून दिली.